वाळूतला ट्रॅक्टर आणि त्याचा पुढचा अ‍ॅक्सल

ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह या वकिलांनी मुंबईतल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला घेतला. पुढे लोक जमले, ढीग हाताबाहेर गेले, तेव्हा एक्स्कॅव्हेटर आणि ट्रॅक्टर वाळूत उतरले. मार्च २०१८मध्ये याच किनाऱ्यावरून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. या यशात ट्रॅक्टरचाही वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

ट्रॅक्टर हे शेताचं यंत्र. मुंबईतल्याच कांदिवलीत महिंद्रांनी १९६३मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टरनिर्मितीचा संसार मांडला, तोही शेतकऱ्यासाठी. भातखाचरातल्या चिखलणीला फोर व्हील ड्राइव्ह उपयोगी पडतो, तसाच तो ओल्या वाळूतही पडतो. नुसती मागची चाकं ओढत असली की ती जागच्या जागी खड्डा खणतात. फोर व्हील ड्राइव्हचा लिव्हर टाकला की गिअरबॉक्समधून शाफ्टने ताकद पुढच्या अ‍ॅक्सलला जाते. तिथे क्राउन-पिनियन, डिफरन्शियल आणि शेवटी हबमधले गिअर.

यात एक बारकावा आहे. पुढच्या चाकांचा कडेचा वेग मागच्यांपेक्षा किंचित जास्त, साधारण १ ते ५ टक्के, राहील अशीच रचना केलेली असते. त्यामुळे ट्रॅक्टर पुढून ओढला जातो आणि स्टिअरिंग हाताशी राहतं. वाळूत हा फरक घसरण्यात जिरतो. किनाऱ्याशेजारच्या यारी रोडच्या डांबरावर लिव्हर तसाच राहिला तर चाकं घसरायला तयार नसतात आणि सगळा पीळ शाफ्टच्या कपलरवर, दात्यांवर येतो. दाते झिजायला सुरुवात होते ती इथे.

दुसरा शत्रू खारं पाणी. कामाने तापलेला हब पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. ड्रेन प्लग उघडल्यावर तेल दुधाळ आलं तर समजावं, बेअरिंगचे दिवस भरत आले.

दुरुस्तीला पहिली काळजी जिवाची. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून जॅक लावण्याआधी दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या, मागच्या चाकांना अडसर लावायचा, वजन घोडीवर घ्यायचं. मग शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवून ढिलाई बघायची. दाते धारदार झाले असतील तर शाफ्टसोबत कपलरही बदलावा. जुन्या कपलरमध्ये नवा शाफ्ट फार दिवस टिकत नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यातून जोडीनेच जुळवून येतात, त्यामुळे एकच बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. नवी जोडी बसवली की दात्यांना निळा रंग लावून फिरवतात. ठसा दात्याच्या मध्यावर उमटेपर्यंत शिमच्या पातळ चकत्या कमीजास्त करत राहणं, हीच खरी कारागिरी. घाईतला मेस्त्री नेमकी हीच पायरी गाळतो आणि महिन्याभरात अ‍ॅक्सल किंचाळू लागतो.

तरीही सुटे भाग आणण्याआधी टायर बघा. मागचे नवे आणि पुढचे झिजलेले, किंवा भलत्याच मापाचे असतील, तर तो १ ते ५ टक्क्यांचा हिशेब कोलमडतो आणि नवा शाफ्टही जुन्याच वाटेने जातो. मऊ जमिनीवर मागचं चाक दहा फेरे फिरेपर्यंत पुढच्याचे फेरे मोजा, एकदा लिव्हर टाकून, एकदा काढून. दोन आकड्यांतला फरक १ ते ५ टक्क्यांच्या बाहेर गेला तर आधी टायर बदला, मग गिअरला हात लावा. आणि वाळू संपून डांबर लागलं की लिव्हर काढायला विसरू नका.