१६२ आलं कुठून?

तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती. आठवीतल्या एका मुलीनं वहीतून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिचे वडील जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सळईच्या बंडलांना टॅग लावतात. चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती : जाडी गुणिले जाडी, भागिले १६२.

"सर, एक मीटर सळईचं वजन पप्पा असंच काढतात. पण हे १६२ आलं कुठून, ते त्यांना बी माहीत नाही."

उत्तर मला माहीत होतं. फळ्यावर मांडायला पाच मिनिटं पुरली असती. मी फक्त फळ्याच्या कोपऱ्यात १६२ लिहून भोवती चौकट काढली आणि म्हणालो, "हे आपण सगळे मिळून शोधू." त्या चौकटीनं पुढचे तीन दिवस घेतले.

आमची शाळा एमआयडीसीच्या कडेला आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी मराठी, उरलेल्यांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी. भंगार आणि स्पंज आयर्न भट्टीत वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे, लालभडक बिलेट रोलमधून ओढत ओढत त्याची सळई करायची, हे या गावाचं मोठं काम. त्यामुळे पुस्तकातल्या शब्दांवर अडखळणारी मुलंसुद्धा फर्निस, बिलेट, सूत हे शब्द सहज बोलतात. आठ सुतांचा एक इंच. म्हणून १२ मिलिमीटरची सळई बांधकामावर 'चार सुताची' होते. हे मला वर्गात कुणाला शिकवावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी शेजारच्या बांधकामावरून सळईचे उरलेले तुकडे आणले. टोकं कानशीनं घासून घेतली. पाच-पाच जणांचे गट केले. प्रत्येक गटाकडे ८ आणि १६ मिलिमीटरचा एकेक तुकडा, दोन्ही ३० सेंटिमीटर लांब. स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल वजनकाटा प्रत्येक गटाच्या मधे ठेवला. वजन करण्याआधी प्रत्येकानं अंदाज वहीत लिहायचा, अशी अट होती.

८ चा तुकडा ११७ ग्रॅम भरला. मग १६ चा किती? जवळजवळ सगळ्या वर्गानं लिहिलं, २३४. जाडी दुप्पट, वजन दुप्पट. काट्यानं दाखवलं ४७१.

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग एकानं काटाच बिघडला म्हणून जाहीर केलं. दुसऱ्या गटाचा काटा आणला, तोही तेच सांगू लागला. अखेर मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी मराठी बोलायला बिचकणारा, म्हणाला, "चार गुना हो गया, सर. दो का नहीं, चार का." तो कधी नव्हे ते फळ्यापर्यंत चालत आला.

इथे मी टीव्ही लावला. लोकवर्गणीतून आलेला हा टीव्ही आधी मी वेगळ्या तऱ्हेनं वापरत होतो. पाठाची चित्रफीत सुरू करायची, मुलं शांत बसायची आणि त्या शांततेलाच मी शिकणं समजत होतो. दुसऱ्या दिवशी विचारलं की चित्रफितीतली गाणी आठवायची, गणित आठवायचं नाही. दोष यंत्राचा नव्हता. मुलांना प्रश्न पडण्याआधीच मी उत्तर दाखवत होतो.

या वेळी पडद्यावर जिओजेब्रा होतं. हे फुकट मिळणारं गणिताचं सॉफ्टवेअर. वर्तुळाची त्रिज्या बदलायला एक पट्टी दिली होती आणि माझा मोबाईल मुलांच्या हातात होता. बोट सरकलं की टीव्हीवर वर्तुळ फुगे, शेजारी क्षेत्रफळाचा आकडा बदले. व्यास ८ असताना ५०.२७, १६ केल्यावर २०१.०६. चौपट. मग कागदाची वर्तुळं कापून आठ पाकळ्या केल्या, उलटसुलट लावल्या. वेडावाकडा आयत झाला. पडद्यावर पाकळ्या १६ केल्या, ६४ केल्या, तशी वाकडी कड सरळ होत गेली. हे कात्रीनं होत नाही. पण कात्रीनं आठ पाकळ्या कापल्या नसत्या, तर पडद्यावरच्या ६४ पाकळ्या म्हणजे मुलांना नुसती गंमत वाटली असती.

दुसऱ्या दिवशी लोखंडाची घनता. १६ मिलिमीटरचा १० सेंटिमीटर लांब तुकडा, वजन १५८ ग्रॅम. प्लॅस्टिकच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी होतं, तुकडा सोडल्यावर ७० झालं. १५८ भागिले २०, म्हणजे ७.९. आता क्षेत्रफळ, एक मीटर लांबी आणि घनता यांचा गुणाकार मांडला. ३.१४ गुणिले ७.९, भागिले ४, ग्रॅमचे किलो करायला भागिले १०००. जो आकडा आला त्यानं एकाला भागायचं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आलं १६१.२५.

"एक कमी आला, सर." चिठ्ठीवाली मुलगी हिरमुसली. मी विचारलं, "मोजताना सगळ्यात कच्चं माप कुठलं होतं?" वाद चांगलाच रंगला. एका गटानं मोजपात्राच्या खुणा दाखवल्या : एकेका मिलिलिटरच्या. पाणी २० चढलं की २०.१, हे डोळ्याला कळणारच नाही. मग त्यांनीच मोबाईलवर पोलादाची घनता शोधली, ७.८५. पुन्हा मांडलं. १६२.२८.

टाळ्या वाजवा, असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी वाजल्या.

तिसऱ्या दिवशी नवीन अडचण मुलांनीच आणली. ओळखीच्या आयटीआय निदेशकाकडून आणलेलं व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, १६ मिलिमीटरच्या सळईच्या अंगावरच्या उंचवट्यावर धरलं की १७, मधल्या खळगीत १५. मग १६ कुठे आहे? ते मोजून दिसत नाही. तेवढ्याच वजनाचा गुळगुळीत गज केला तर त्याचा जो व्यास भरेल, तो सळईचा व्यास मानतात. वजनात थोडा कमीजास्तपणा भारतीय मानक १७८६ ला चालतो. ८ आणि १० मिलिमीटरच्या सळईला सात टक्क्यांपर्यंत. आमची ११७ ग्रॅमची सळई हिशेबानं ११८.५ ग्रॅम हवी होती. ती मर्यादेत बसते का, हे मुलांनी मला न विचारता काढलं. वर्गाचं सगळं टिपण त्यांनी स्प्रेडशीटमध्ये भरलं आणि १२ मीटरच्या सळईचा तक्ता केला : ८ ची ४.७४ किलो, १२ ची १०.६७, १६ ची १८.९६.

मुलाच्या घरातल्या प्रश्नापासून शिकणं सुरू करायचं, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुलाच्या परिसरातून शिक्षण उभं करण्याचं काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसोबत केलं, तेव्हा पडदे नव्हते. मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, हे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं मांडलं. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानं ज्ञानरचनावाद हा शब्द जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत पोचवला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे त्या वेळचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आज बालभारतीच्या पुस्तकांत तो चौकोन छापलेला असतो. पण कोड म्हणजे दाराची कडी आहे. दाराआड काय आहे याची ओढ मुलाला आधी लागायला हवी, ते काम शिक्षकाचं.

हे सोपं नाही. तीन दिवस एका सूत्राला दिले की अभ्यासक्रम मागे पडतो, हे मला ठाऊक आहे. वीज जाते, मोबाईलचा डेटा संपतो, तुकड्यांची धार लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. तरीही चाचणीत वर्तुळाचं क्षेत्रफळ विचारलं, तेव्हा पाठ केलेलं सूत्र विसरलेल्या मुलांनी पाकळ्या काढून ते पुन्हा मांडलं. मला तेवढं पुरेसं आहे.

माझ्या शिक्षक मित्रांना एकच विनंती. शाळेला नवीन पडदा मिळाला तर तो जरूर घ्या, पण लावण्याआधी मुलांच्या घरातला एक प्रश्न वर्गात येऊ द्या. पाणीपट्टीचा असो, शिलाईचा असो, कापसाच्या मापाचा असो. या तीन दिवसांत आम्ही सहा तासिका घेतल्या. आमचा टीव्ही त्यांत एकूण अकरा मिनिटं चालू होता.