उघडी पोर्ट, अनपेक्षित

युनिक्स पद्धतीच्या फायरवॉल संगणकावर चालकाने हेतुपुरस्सर खुली न ठेवलेली, परंतु बाहेरील जोडणी स्वीकारणारी पोर्ट. पोर्ट म्हणजे यंत्रावरील खाच नव्हे. तो ० ते ६५,५३५ यांमधील एक क्रमांक असून आलेला संदेश कोणत्या कार्यक्रमाकडे द्यावयाचा हे त्यावरून ठरते. टपालसेवेस २५, वेबपृष्ठांस ८० हे क्रमांक संकेताने नेमलेले आहेत. मात्र वेगळा कार्यक्रमही तेथे बसू शकतो. म्हणून तपासणीच्या यादीत क्रमांकापुढे छापलेले सेवेचे नाव हा पुरावा मानता येत नाही.

नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्मने व्हॅक्स यंत्रांत शिरण्यासाठी पोर्ट ७९ वरील फिंगर सेवेतील दोषाचा उपयोग केला. फारशी गरज नसताना चालू राहिलेली किरकोळ सेवाही किती महाग पडते, हे त्यावरून दिसून आले.

तपासणी आतून व बाहेरून अशी दुहेरी करावी लागते. आतून ‘नेटस्टॅट’ ऐकत असलेली पोर्ट दाखवितो, तर ‘एलसॉफ’ किंवा फ्रीबीएसडीतील ‘सॉकस्टॅट’ त्यांमागील प्रक्रिया व तिचा वापरकर्ता सांगतो. पत्ता १२७.०.०.१ असल्यास ती सेवा त्याच यंत्रापुरती असते. बाहेरून पाहण्यासाठी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘एनमॅप’ वापरतात. तो फायरवॉलवरूनच चालविणे व्यर्थ होय, कारण तेव्हा संदेश बाहेरच्या जोडणीतून येतच नाहीत.

दोन्ही निष्कर्ष जुळले नाहीत, तर खरा शोध सुरू होतो. बाहेरून पोर्ट २१ उघडे दिसते, आत मात्र त्यावर कोणीच ऐकत नाही, अशा वेळी बाह्य जोडणीवर ‘टीसीपीडंप’ लावून तपासणीचा संदेश तेथवर पोहोचतो की नाही हे पाहतात. न पोहोचल्यास वाटेतील एखादे मध्यस्थ यंत्र, बहुधा सेवा पुरवठादाराचे, परस्पर उत्तर देत असते; फायरवॉल निर्दोष असतो. पोहोचत असल्यास प्रथम संदेश आतील दुसऱ्या यंत्राकडे वळविणारे नियम पाहावेत. तेही नसतील, तर घुसखोराने ‘नेटस्टॅट’च बदलल्याची शक्यता उरते, मग यंत्र जालकापासून तोडून स्वच्छ माध्यमावरून सुरू करून तपासावे लागते.