घट्ट झालेली फेल्टची टोपी

पोलादाच्या गावी टोपीचा विषय काढावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु भिलाईचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना तसे वाटणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत देशात पोलादभट्टीपुढे उभा राहणारा कामगार डोक्यावर रुंद काठाची फेल्टची टोपी घालीत असे आणि तिच्या काठाला भट्टीतील प्रखर उजेडाकडे पाहण्यासाठी निळी काच लावलेली असे. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढीच जागा करपते आणि ठिणगी विझून जाते. म्हणून रसरशीत पोलादाशी ज्यांचा नित्य संबंध, त्यांनी मस्तकाच्या रक्षणासाठी लोकरीचाच आश्रय घेतला.

फेल्टचे दुसरे रूप शहरी पोशाखातले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुशिक्षित भारतीयांनी फेल्ट हॅट मोठ्या हौसेने स्वीकारली. हुतात्मा भगतसिंग यांचे १९२९ सालचे हॅट घातलेले छायाचित्र कोणी पाहिले नाही? महाराष्ट्रात तर फेल्टची काळी टोपी कारकुनापासून शिक्षकापर्यंत सर्वांच्या डोक्यावर होती. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात वसली तो त्या काळी जुन्या मध्य प्रदेशात होता, आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. साहजिकच मराठी कुटुंबांची या बाजूला ये-जा जुनी. अशा कुटुंबांच्या पेटीच्या तळाशी आजोबांची हॅट किंवा काळी टोपी आजही निघते. नातू ती कौतुकाने डोक्यावर ठेवतो, आणि ती कपाळावरच अडते! मग कोणी ती दोन्ही हातांनी ओढून बसवतो, कोणी वाफेवर धरून ताणतो, आणि साठ-सत्तर वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारी फाटते. तसे होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घट्टपणाचे मूळ शोधावे

आपला फेटा कधी घट्ट होत नाही, कारण तो दर वेळी नव्याने बांधला जातो. फेल्टच्या टोपीचे तसे नाही. तिचे माप एकदाच ठरते आणि पुढे काळ त्यात आपली भर घालतो. फेल्ट विणलेले नसते. आपल्याकडील बुरणूस आणि काश्मीरचा नमदा ज्या रीतीने होतो त्याच रीतीने ते होते. लोकरीच्या किंवा सशाच्या केसावर सूक्ष्म खवले असतात; ओल, ऊब आणि मर्दन मिळाले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि केसांचा घट्ट थर तयार होतो. म्हणूनच भिजून नंतर उन्हात वाळलेली टोपी आक्रसते.

तथापि पुष्कळदा आक्रसलेले असते ते फेल्ट नव्हे, तर टोपीच्या आत कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी. वर्षानुवर्षे घाम शोषून आणि पुढे पेटीत कोरडी पडून ती कडक व आखूड होते. छत्तीसगडच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पत्र्याच्या पेटीत चामड्याचे काय होत असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

म्हणून टोपी हाती आली की प्रथम ही पट्टी हलक्या हाताने बाहेर उलटावी आणि तिच्या मागे पाहावे. पूर्वी टोपी सैल होत असली तर वर्तमानपत्राची घडी किंवा कापडाची पट्टी चामड्यामागे सारण्याची रीत होती. तशी घडी निघाली तर ती काढताच टोपी मोकळी होते आणि पुढचा खटाटोपच उरत नाही. मात्र तो कागद फेकून देऊ नये. त्यावर एखादी तारीख किंवा गावाचे नाव असू शकते, आणि घरच्या इतिहासाचा तोही एक दाखलाच होय.

यानंतर मापे घ्यावी. शिंप्याची टेप भुवयांच्या वर बोटभर आणि कानांच्या वरून डोक्याभोवती फिरवावी. तीच टेप टोपीच्या आत पट्टीलगत फिरवून दुसरे माप घ्यावे. जुन्या हॅटवर इंग्रजी आकडा असतो. ७ हा आकडा अमेरिकी हॅटवर असेल तर सुमारे ५६ सेंटिमीटर आणि विलायती हॅटवर असेल तर सुमारे ५७ सेंटिमीटर समजावा. पुढच्या प्रत्येक अष्टमांशास साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दोन मापांतील अंतर एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर प्रयत्न करण्यास हरकत नाही. त्याहून अधिक असेल तर फेल्ट पातळ होऊन पट्टीच्या रेषेवर फाटते. तेथे ताणण्याचा मोह आवरलेलाच बरा.

आणखी एक गोष्ट पाहावी. टोपी सगळीकडून आवळते, की केवळ कपाळावर व मागे? मनुष्याचे डोके वाटोळे नसून लांबट असते, आणि प्रत्येकाचा लांबटपणा निराळा. टोपी पुढे-मागे रुतत असून कानांजवळ फट राहत असेल तर दोष मापाचा नव्हे, आकाराचा आहे. अशा वेळी टोपी लांबीकडेच किंचित मोकळी करावी लागते.

एक इशारा

येथे एक महत्त्वाची सूचना केली पाहिजे. जुन्या काळी सशाच्या केसांचे फेल्ट करताना त्या केसांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करीत. त्या विषाने टोपीवाल्या कारागिरांचे हात कापू लागत, स्वभाव बदलत आणि बुद्धीवरही परिणाम होई. अमेरिकेत १९४१ च्या अखेरीस ही पद्धत बंद झाली; इतरत्र ती कोठे आधी, कोठे नंतर सुटली. जुन्या टोप्यांत हा पारा आजही सापडतो, म्हणून वस्तुसंग्रहालयांत त्या हातमोजे घालून हाताळल्या जातात. मेंढीच्या लोकरीच्या फेल्टला ही प्रक्रिया लागत नसे.

लोकरीचे फेल्ट बहुधा जाडसर व थोडे खरखरीत लागते. सशाच्या केसांचे पातळ, गुळगुळीत व मऊ. आपली टोपी दुसऱ्या प्रकारची आणि बरीच जुनी असेल, किंवा निश्चित ओळखता येत नसेल, तर तिला वाफ मुळीच देऊ नये, कारण उष्णतेने पारा हवेत येतो. अशी टोपी मुलांच्या हाती खेळावयास देऊ नये, आणि ती हाताळल्यावर हात साबणाने धुवावे. तिच्यासाठी पुढील पहिलाच उपाय योजावा, तोही हातमोजे घालून आणि डोक्यावर न घालता.

पहिला उपाय : थंड पाण्याचा

चामड्याची पट्टी बाहेर उलटावी. ती वाकविताच चिरत असेल किंवा बोटांना तांबूस भुकटी लागत असेल, तर चामडे मेले आहे असे समजून थांबावे. अशी पट्टी ताणण्याजोगी नसते. चामड्याचे नाजूक काम जाणणाऱ्या कारागिराकडून ती बदलून घ्यावी. पट्टी लवचिक असेल तर स्वच्छ कापड पाण्यात बुडवून पक्के पिळावे आणि त्याने पट्टीची आतली व बाहेरची बाजू केवळ ओलसर करावी. पाणी टिपकता कामा नये. पट्टी पूर्ववत आत वळवावी आणि टोपी साच्यावर चढवून सावलीत वाळू द्यावी. लोकरीची टोपी असेल तर साच्याऐवजी ती डोक्यावरच घालून अर्धा-पाऊण तास बसावे. चामडे आपल्याच डोक्याचा घाट घेत वाळते. किंचित आवळणारी टोपी बहुधा एवढ्यानेच बसते. एका वेळी न बसल्यास दोन दिवसांनी पुन्हा करावे.

साचा सुताराकडून सहज होतो. जाड पुठ्ठ्यावर डोक्याच्या आकाराचा लंबगोल कापून द्यावा. त्या मापाच्या लाकडी ठोकळ्याचे पुढचा व मागचा असे दोन भाग करून मध्ये आट्यांचा बोल्ट बसवावा, म्हणजे बोल्ट फिरविताच दोन्ही भाग दूर सरकतील. गोल डबा किंवा पातेले साचा म्हणून वापरू नये. त्यावर टोपी मोठी होते खरी, परंतु वाटोळी होते, आणि मग ती कोणाच्याच डोक्याला बसत नाही.

दुसरा उपाय : वाफेचा

हा केवळ लोकरीच्या फेल्टसाठी. तो स्वयंपाकघरात न करता मोकळ्या व्हरांड्यात करावा. प्रथम मऊ ब्रशाने धूळ झाडावी. बाहेरची रेशमी फीत फेल्टप्रमाणे ताणत नाही. ती घट्ट असेल तर गाठीजवळचे चार टाके उसवून ठेवावे आणि काम संपल्यावर पुन्हा घालावे. चामड्याची पट्टी बाहेर उलटून वाफेपासून दूर ठेवावी, कारण गरम ओलीने जुने चामडे अधिकच आक्रसते. उकळत्या किटलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर टोपी धरून केवळ खालचा दोन बोटे रुंदीचा भाग अर्धा मिनिट फिरवीत राहावा. टोपीच्या माथ्याला वाफ लागू देऊ नये. त्याचा बाक एकदा मोडला की घरी परत येत नाही.

फेल्ट कोमट आणि मऊ झाले की पट्टी आत वळवून साचा बसवावा. बोल्ट हाताला किंचित अडेल इतकाच फिरवावा आणि तेथेच थांबावे. टोपी साच्यावर पूर्ण एक दिवस राहू द्यावी. भिलाईकरांना यामागील तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या गावात रेल्वेचे रूळ घडतात तेथे लहान मूलही जाणते की, तापलेल्या वस्तूला आकार देता येतो, आणि दिलेला आकार टिकावा यासाठी तिला निवू द्यावे लागते. फेल्टचा न्याय तोच आहे. गरम असताना साच्यावरून काढलेली टोपी पुन्हा मूळ मापावर जाते. दुसऱ्या दिवशी टोपी घालून पाहावी. अजून घट्ट वाटल्यास तीच कृती पुन्हा करावी. एकाच वेळी सारे अंतर काढू पाहणाऱ्याच्या हाती दोन तुकडे येतात.

ऋतूचाही विचार करावा. वैशाखात चामडे फार झपाट्याने वाळून तडकते. आषाढ-श्रावणात ते वाळतच नाही आणि त्यावर बुरशी धरते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ या कामास उत्तम.

पुढची निगा

टोपी काठावर टेकवून ठेवू नये. तिच्या भाराने काठ वाकडा होतो. ती माथ्यावर उलटी ठेवावी, किंवा आत मऊ कागद भरून कागदी खोक्यात ठेवावी. कसरीच्या अळ्या लोकर खातात. म्हणून वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी टोपी बाहेर काढून झाडावी. पावसात भिजलीच तर उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता सावलीत वाळवावी.

इतके करूनही टोपी बसली नाही तर? तर तिला तसेच राहू द्यावे. घरात कोणाचे तरी डोके तिच्या मापाचे निघेल: एखाद्या पुतणीचे, एखाद्या भाच्याचे. कोणाचेच नसेल तर ती खोक्यात सुखाने नांदेल. वडिलार्जित वस्तू आपल्या अंगाला बसावी ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु त्या इच्छेपायी वस्तूच गमावणे शहाणपणाचे नव्हे. आपल्यानंतरही घरात कोणी येणार आहे, आणि त्याच्यासाठी ही टोपी धड राहिली पाहिजे, हे ध्यानात ठेवूनच बोल्टला हात घालावा.