मोडलेले मनगट आणि आंबट गोळी

पावसाळ्यात बांध निसरडा होतो. विहिरीच्या काठावर शेवाळ धरते. पाय घसरला की माणूस आपोआप हात पुढे टेकतो. सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. उतारवयात हाडे ठिसूळ होतात, बायकांची तर जास्तच. त्यांचे मनगट साध्या पडण्यानेही मोडते.

दवाखान्यात डॉक्टर हाड जागेवर बसवतात आणि प्लास्टर घालतात. साधारण सहा आठवड्यांत हाड सांधते. बहुतेकांचा हात पुढे हळूहळू चालू लागतो. पण काहींचे तसे होत नाही. हाड जुळते, पण दुखणे जात नाही. उलट ते वाढतच जाते.

हे दुखणे ओळखावे कसे? हाताची आग होते. नुसता पदर लागला तरी कळ येते. हात सुजतो. कधी तो लाल आणि गरम होतो, तर कधी निळसर आणि गार पडतो. त्याला घाम फार येतो. बोटे ताठरतात, मूठ मिटत नाही.

असे का होते? दुखापत झाली की मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात. दुखापत बरी झाली की ही वर्दी थांबायला हवी. या आजारात ती थांबतच नाही. म्हणून घरच्यांनी "हिला कामाचा कंटाळा आला," असे म्हणू नये. हे सोंग नव्हे, खरा आजार आहे. ज्याचे पोट हातावर, त्याचा हातच अडला तर घर कसे चालावे?

मग हा आजार टाळता येईल का? युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. तिथल्या डॉक्टरांनी एक साधी गोळी देऊन पाहिली. ही गोळी क जीवनसत्त्वाची. आवळा, पेरू, लिंबू यांत हेच जीवनसत्त्व असते. मनगट मोडलेल्यांचे त्यांनी गट केले. काहींना खरी गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला कोणती गोळी मिळाली, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. असे का केले? "मला औषध मिळाले," एवढ्या समजुतीनेही माणसाला बरे वाटते. ती फसगत टळावी, म्हणून.

१९९९ साली पहिला निकाल आला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत शंभरात २२ जणांना हा आजार झाला. खरी गोळी घेणाऱ्यांत शंभरात ७ जणांनाच झाला. २००७ साली त्यांनी ४१६ लोकांची अशीच पाहणी प्रसिद्ध केली. तेव्हाही गोळीचा गुण दिसला. रोज ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम, पन्नास दिवस घ्यावी, असे त्यांनी सुचवले.

पण गोष्ट इथे संपत नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात ३३६ लोकांवर हाच प्रयोग झाला. गोळी तेवढीच, दिवसही तेवढेच. २०१४ साली त्याचा निकाल आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही!

एक म्हणतो गुण येतो, दुसरा म्हणतो येत नाही. मग आपण काय करावे? गोळी स्वस्त आहे. थोड्या दिवसांसाठी ती बहुतेकांना बाधत नाही. डॉक्टरांनी दिली तर जरूर घ्या. पण मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर तो आधी सांगा. जास्त गोळ्या घेतल्या म्हणजे जास्त गुण येतो, असे नाही. आवळा, पेरू रोजच्या खाण्यात असावेत. ते अंगाला चांगलेच. पण गोळीवर किंवा फळांवर विसंबून पुढच्या गोष्टी विसरू नका.

१. हात दुखावला की बांगड्या आणि अंगठी लगेच काढा. सूज चढली की त्या निघत नाहीत.

२. पहिले काही दिवस हात छातीच्या उंचीवर ठेवा. निजताना खाली उशी घ्या.

३. डॉक्टरांनी मना केले नसेल, तर पहिल्या दिवसापासून बोटे हलवा. मूठ मिटा, उघडा. खांदा आणि कोपरही हलवत राहा.

४. प्लास्टर आवळू लागले, बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा ठणका वाढत गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी थांबू नका.

५. प्लास्टर काढल्यावर आग आणि सूज राहिली, तर "होईल बरे" म्हणून महिने घालवू नका. हा आजार लवकर ओळखला, तर व्यायामाने आणि औषधाने हात वाचवता येतो.

गोळी मदत करील, न करील. पण बोटे हलवायला पैसा पडत नाही. ती हलवत राहा.