मिरजेचं यार्ड फळीवर
मिरज जंक्शनवर एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकत्र नांदत. फळीवर त्याचं उचलून नेण्याजोगं मॉडेल शंटिंग यार्ड करायचं तर त्यातला नॅरोगेजच निवडावा. कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या त्या रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर होती. १:८७ प्रमाणात ती पावणेनऊ भरते आणि ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस हवेत, मिळतात साडेसोळा. एवढ्याशा फळीवर खेळ लगेच संपेल ही शंका रास्त वाटते, पण हिशेब उलट आहे. अ‍ॅलन राइट यांच्या ‘इंगलनुक’ या शंटिंगच्या कोड्यात पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतील अशा तीन साइडिंग असतात, वाघिणी फक्त आठ. त्यांतल्या पाच ठरल्या क्रमाने जोडायच्या. असे क्रम होतात ६,७२०! साइडिंग लांबवल्या तर कोडं सोपं होतं, म्हणजे बिघडतंच.