परिषदेचे नियोजन : प्रश्न आधी, मंडप मागाहून

परिषद भरविण्याची परंपरा आयुर्वेदास नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्याय हा एका परिषदेचा वृत्तांतच होय. चैत्ररथ वनात जमलेल्या ऋषींपुढे रसांची संख्या किती, हा एकच प्रश्न होता. प्रत्येकाने आपले मत मांडले आणि अखेरीस पुनर्वसु आत्रेयांनी षड्‌रसांचा निर्णय दिला. अर्वाचीन काळात, १९०७ साली, शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली.

परिषदेस येणारा वैद्य एक दिवस आपला दवाखाना बंद ठेवून येतो. सायंकाळी तो केवळ पिशवी व स्मरणिका घेऊन परतला, तर पुढील वर्षी तो येत नाही. म्हणून संयोजकांनी सभागृह ठरविण्यापूर्वी परिषदेचा प्रश्न ठरवावा, असे आमचे मत आहे. ‘आयुर्वेदाची आजची दिशा’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘आमवातात स्नेहनाचा प्रारंभ केव्हा करावा’ हा प्रश्न होय. प्रश्न नेमका असला की वक्ते कोण असावेत, हे आपोआप सुचते.

त्यानंतर वेळेचा हिशेब मांडावा. सकाळी साडेनऊ ते सायंकाळी साडेपाच म्हणजे ४८० मिनिटे. भोजनास ६०, दोन वेळच्या चहास ४०, उद्घाटनास ३० व समारोपास २० मिनिटे वजा जाता ३३० मिनिटे उरतात. १५ मिनिटांचा एक याप्रमाणे यात २२ निबंध बसतात. परंतु प्रश्नोत्तरांस एक क्षणही उरत नाही. त्याऐवजी आठच निबंध घ्यावेत. प्रत्येकी २० मिनिटे वाचन व १० मिनिटे चर्चा. यात २४० मिनिटे जातात आणि ९० मिनिटे प्रात्यक्षिकासाठी मोकळी राहतात. उद्घाटन लांबले, तर कात्री सत्कारांस लागावी, चर्चेस नव्हे.

चर्चा कशी व्हावी, हेही विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. तद्विद्यसंभाषेचे संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे दोन प्रकार आहेत. परिषदेत पहिलीच अभिप्रेत आहे. अध्यक्ष निवडताना पदापेक्षा ही हातोटी पाहावी. न गुणकारी ठरलेल्या चिकित्सेचा एक तरी रुग्णवृत्तांत कार्यक्रमात असावा. अशा वृत्तांतावरची चर्चा अधिक मोकळी व उपयुक्त होते.

औषधनिर्मात्यांचे साहाय्य घेण्यात गैर काही नाही; मात्र त्याची मर्यादा आधीच लेखी ठरवावी. दालन, स्मरणिकेतील जाहिरात व भोजनखर्च हे प्रायोजकांचे. विषय व वक्ते यांची निवड संघटनेची. वक्त्याचा एखाद्या फार्मसीशी आर्थिक संबंध असल्यास तो व्याख्यानाच्या आरंभीच सांगितला जावा. स्मरणिका दवाखान्यात रुग्णांच्याही हाती पडते, हे ध्यानात ठेवावे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, उच्च रक्तदाब आदी व्याधी आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात संपादकांनी नम्रपणे परत करावी. यात फार्मसीचेही हितच आहे.

फार्मसी व वैद्य यांना खऱ्या अर्थाने एकत्र आणणारे सत्र म्हणजे कच्च्या द्रव्यांची ओळख. राखून ठेवलेली ९० मिनिटे त्यासाठी द्यावीत. सीता-अशोकाची साल आणि बंगल्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या ‘अशोका’ची साल, अस्सल नागकेशर आणि त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सुरंगीच्या कळ्या, असे नमुने शेजारी शेजारी मांडावेत. निर्मात्याने खरेदीतील अडचणी सांगाव्यात, वैद्याने गुणातील फरक सांगावा. दालनातील माहितीपत्रकांनी हे साधत नाही.

भोजन लघु व ताजे असावे. मुगाची खिचडी, कढी, एखादी भाजी व कोशिंबीर पुरेशी होते. दुपारी पंचपक्वान्ने वाढून नंतरच्या सत्रात श्रोते पेंगले, तर त्याचा दोष वक्त्याकडे जात नाही. निदान परिषदेत तरी आपण सांगतो ते पथ्य आपण पाळावे.

समारोपात आभारप्रदर्शनापूर्वी मूळ प्रश्नाकडे परत यावे. कशावर एकमत झाले, कशावर मतभेद राहिले व पुढील निरीक्षण कोणी करावयाचे, हे अध्यक्षांनी वाचून दाखवावे. एका महिन्याच्या आत हे टिपण जमाखर्चासह प्रत्येक सभासदाकडे पोहोचावे. मतभेद राहिलेला मुद्दा हाच पुढील वर्षीच्या परिषदेचा प्रश्न ठरावा. म्हणजे वर्षभर आपापल्या रुग्णांत त्याचे निरीक्षण करून वैद्य परिषदेस येतील.