डाळीचे पाणी नको, डाळ हवी : शेंगांच्या कुळाची ओळख

तूरडाळ महागली की आपल्या घरातला पहिला बदल पातेल्यात होतो. डाळ मूठभर कमी आणि पाणी तांब्याभर जास्त. मग वाढताना तळची घट्ट डाळ कामावर जाणाऱ्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जाते. शेवटी जेवायला बसणाऱ्या आईच्या, सुनेच्या वाट्याला वरचे पिवळे पाणी उरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. याची कारणे अनेक आहेत. त्यातले एक आपल्या पातेल्यात आहे, म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर डाळीबद्दल बोलू.

डाळ ज्या कुळातून येते ते शेंगांचे कूळ फार मोठे आहे. जगात त्याच्या सुमारे वीस हजार जाती आहेत. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, मटकी, चवळी, कुळीथ, वाल ही मंडळी त्यातली आहेत हे आपल्याला ठाऊक असते. पण भाजीतली मेथी, भुईमूग, सोयाबीन, आमटीतली चिंच, दात घासायची बाभळीची काडी, डोके धुवायची शिकेकाई, पळस, करंज, हादगा आणि पोरांना हात लावून मिटवायला आवडणारी लाजाळू, हीसुद्धा त्याच घरची. शेवग्याला शेंगा लागतात, तरी तो मात्र या कुळातला नाही.

या कुळाची खरी ताकद जमिनीखाली असते. हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायू आहे. प्रथिने तयार करायला प्रत्येक झाडाला नत्र लागते, पण हवेतले नत्र झाडाला थेट घेता येत नाही. तुरीचे किंवा भुईमुगाचे रोप अलगद उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. रोप त्यांना साखर पुरवते आणि ते हवेतले नत्र रोपाला वापरता येईल अशा रूपात देतात. १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले. तांदळात शंभर ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, तर तूरडाळीत बावीसच्या आसपास. या फरकामागे त्या गाठींचा मोठा हात आहे. एकाच्या असण्यावर दुसऱ्याचे असणे अवलंबून असते हे धम्माने आपल्याला शिकवले आहे. तुरीच्या मुळाशी ते डोळ्यांनी दिसते.

ताजी, काम करणारी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी दिसते. तो रंग लोह असलेल्या एका प्रथिनाचा आहे, आणि ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे नातेवाईक आहे. डाळीतही लोह असते. मात्र ते अंगी लागायला मदत लागते. म्हणून वरणावर लिंबू पिळा, किंवा सोबत कच्चा टोमॅटो, आवळा घ्या. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा, कारण चहा लोह अडवतो. कडधान्य भिजवून मोड आणले तर त्यातले लोह अधिक सहज मिळते. मोड आणताना पाणी स्वच्छ घ्या. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मोड कच्चे देऊ नका, शिजवून द्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते दिवसाला दोन हजार उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या आहारात ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य असावे. कच्ची मोजली तर ही साधारण दोन मोठ्या मुठी होते, दोन्ही वेळची मिळून. ती तुरीचीच असली पाहिजे असे मुळीच नाही. हुलगे म्हणजे कुळीथ, मटकी, चवळी, हरभरे यांतही डाळीइतकीच प्रथिने असतात. बाजारात जे स्वस्त मिळेल ते घ्या आणि आलटूनपालटून खा. भाकरी, पोळी किंवा भातासोबत खा, कारण धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात. हुलग्याला गरिबाचे, जनावराचे खाणे म्हणून नाक मुरडणारे असतील. आपण मुरडू नये. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र डाळ किती खायची हे डॉक्टरांना विचारावे.

आता सिकलसेलबद्दल. विदर्भात हा आजार आदिवासी समाजात आणि आपल्या समाजात जास्त आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि शरीराला सतत नव्या तयार कराव्या लागतात. त्यासाठी फॉलिक ॲसिड लागते आणि ते चवळी, हरभरा, मूग यांत चांगले असते. तरीही दवाखान्यातून मिळालेली फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नका, डाळ हा तिच्या जागी घ्यायचा उपाय नाही. लोहाची गोळी तर सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. लग्न जुळवताना दोघांची रक्ततपासणी करा.

याच कुळात सांभाळायच्या गोष्टीही आहेत. पहिली, लाख किंवा लाखोळी. पूर्व विदर्भात धान उभे असतानाच ओलीवर ती पेरतात. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक तगते, म्हणून दुष्काळात गरिबाच्या पोटाला हाच आधार असे. पण तिच्यात मज्जातंतूंना मारक असे एक द्रव्य असते. दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून लाखच खाल्ली तर पायांतले बळ जाते आणि ते परत येत नाही. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जाई आणि त्यांच्यातलेच अनेक लंगडे झाले. याला कोणी पूर्वजन्मीचे फळ म्हणेल. कारण या जन्मातले होते. माणसाला दुसरे अन्न मिळू दिले गेले नव्हते. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे विष कमी असलेले वाण निघाले. घरी लाख खात असाल तर कधीमधी, इतर डाळींसोबत खा. आधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या. फार स्वस्त सुटी तूरडाळ किंवा चणाडाळ घेताना तळहातावर पसरून पाहा. पाचरीसारखे, कोनदार दाणे दिसले तर भेसळीची शंका घ्या. बेसन शक्यतो हरभरा डाळ दळूनच वापरा.

दुसरी, राजमा. अर्धाकच्चा राजमा उलट्या-जुलाब करतो. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. तिसरी, गुंज. लाल-काळी सुंदर बी पोरे तोंडात घालतात. ती चावली गेली तर जिवावर बेतते. पोराने गुंज खाल्ली असे वाटले तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

शेवटी एक सोपे काम. फुटक्या बादलीत माती भरून वालाचे किंवा चवळीचे चार दाणे लावा. वेल टिनाच्या छतावर चढवा. डब्यात मेथी पेरा, तीन-चार आठवड्यांत भाजी होते. वेल वाळला की मुळे उपटू नका, तशीच मातीत राहू द्या. पुढच्या रोपाला त्यांचा उपयोग होतो.

आणि आज रात्री पातेले उतरवले की डाव तळापर्यंत घालून ढवळा, मग वाढा. सगळ्यांनी एकत्र बसावे, आणि तळची डाळ सगळ्यांच्या ताटात सारखी यावी. समतेची सुरुवात ताटापासून करायला पैसे लागत नाहीत.

जय भीम!